कोपराखालचा भाता

नमस्कार मंडळी. आतून मसालेभाताचा वास यायला लागलाय, त्यामुळे 'द चीफटन्स' या आयरिश वाद्यवृंदाबद्दल मी दहा मिनिटांत सांगून आवरतो.

डब्लिनमधल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यात एका पबच्या दारातून सूर ऐकू आले आणि वाटलं, इथे कुणाचं लग्न? ही तर सनई! आत डोकावलो तर एक आजोबा खुर्चीत बसून कोपराने भाता दाबत होते. ते वाद्य म्हणजे इलियन पाइप्स. 'इलियन' म्हणजे आयरिश भाषेत कोपराचं. इलियन पाइप्स तोंडाने फुंकायचे नाहीत. उजव्या कोपराखालचा भाता हवा भरतो, डाव्या काखेतली पिशवी ती सोडते. आत सनईसारखीच दुहेरी पाती. सनईमागे एक जण नुसता सूर धरून बसतो ना, ते काम इथे तीन नळ्या करतात.

हेच वाद्य वाजवणाऱ्या पॅडी मलोनी यांनी १९६२ साली डब्लिनमध्ये 'द चीफटन्स' उभा केला. त्या काळी नाचाच्या कार्यक्रमांतले केली बँड सगळी वाद्यं एकदम, एकच चाल, वर पियानो आणि ड्रम अशा थाटात वाजवायचे. शॉन ओ रियादा या संगीतकाराला ते पटेना. आपल्या वाद्यवृंदात त्याने वाद्यांना आळीपाळीने बोलायला लावलं: आधी एकटी बासरी, मग तिच्या जोडीला फिडल म्हणजे व्हायोलिन, मग सगळे. मलोनी त्याच वृंदात वाजवत होते. तिथली शिस्त त्यांनी उचलली आणि तिच्यात आपला खट्याळपणा मिसळला.

पहिली तबकडी क्लॅडा रेकॉर्ड्सने १९६४ मध्ये काढली. दुसरी कधी? १९६९ मध्ये! कारण आपल्या नाटकवाल्यांना सांगायला नको: नोकऱ्या. टिन व्हिसल म्हणजे पत्र्याची छोटी बासरी वाजवणारे शॉन पॉट्स पोस्टात, बासरीवाले मायकल टब्रिडी इंजिनिअर. संगीतावर पोट भरायचं धाडस त्यांनी केलं ते १९७५ मध्ये. त्याच वर्षी सेंट पॅट्रिक दिनाला लंडनचं रॉयल अल्बर्ट हॉल त्यांनी भरवलं. म्हणजे तेरा वर्षं तालमी संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. आपल्या एकांकिकेची तालीम दोनदा चुकवणाऱ्यांनी हे ऐकावं. नावं घेत नाही.

तबकड्यांची नावं नुसते आकडे: दोन, तीन, चार. माझा जीव चौथीवर आहे, १९७३ ची. तिच्यात डेरेक बेल यांची हार्प, म्हणजे बोटांनी छेडायचं उभं तंतुवाद्य, आली. आयर्लंडच्या नाण्यावर हार्प आहे, पण तेव्हा अशा वृंदांत ती जवळजवळ नव्हतीच. ओ रियादा तिची उणीव हार्पसिकॉर्ड या पट्ट्यांच्या तंतुवाद्यावर भागवायचा. बेल मूळचे बेलफास्टचे, तिथल्या बीबीसी ऑर्केस्ट्रातले. ते टिम्पान नावाचं एक वाद्यही वाजवत, ऐकलंत तर संतूरच म्हणाल.

पुढची कीर्ती झटपट सांगतो. १९७९ मध्ये डब्लिनच्या फिनिक्स पार्कात पोप आले तेव्हा दहा लाखांवर लोकांपुढे वादन, १९८३ मध्ये चीनच्या भिंतीवर, एकूण सहा ग्रॅमी. नव्वदीत मोठमोठे पाहुणे गायक बोलावून केलेल्या तबकड्या खपल्याही खूप. मला त्या लग्नातल्या फोटोंसारख्या वाटतात. पाहुणे झकास दिसतात, घरचे मागच्या रांगेत. अपवाद त्याआधीची, १९८८ ची, गायक व्हॅन मॉरिसनसोबतची. तिथे पाहुणा घरचा होऊन गातो.

ऐकताना एक करून बघा. जिग ही नाचाची चाल लागली की मांडीवर दादरा धरा. सहाच मात्रा आहेत, पण लय इतकी पळते की हात दुखेल. बौरॉन म्हणजे आपल्या डफाचा भाऊ, फक्त छोट्या काठीने वाजवायचा. आणि संथ चाली, ज्यांना इथे 'स्लो एअर' म्हणतात, त्यांत ठेका नसतोच. तिथे हात मांडीवरून काढा आणि आलाप ऐकतो तसं ऐका.

मलोनी २०२१ मध्ये गेले. वृंदातले नंतरचे बासरीवाले मॅट मलॉय यांचा वेस्टपोर्टला पब आहे. मेयोच्या सहलीत मंडळाची बस तिथे थांबवावी, अशी कार्यकारिणीला अधिकृत सूचना.

आता ध्वनिव्यवस्थेवर बसलेल्या आपल्या मित्राने चौथ्या तबकडीतली 'म्ना ना हेरन' लावावी. शब्द अठराव्या शतकातल्या कवीचे, चाल ओ रियादाची. इथे मात्र शब्द नाहीत, सुरुवातीला हार्प आहे. वाढप्यांनी तेवढा वेळ पातेल्यांची झाकणं आपटू नयेत.