विरजणावर चालणारा डायनामो

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या लहानपणी सायकलला डायनामो असायचा. रात्री नागपुरात महालातून बर्डीकडे निघालं की त्याची घरघर आणि तो थरथरता उजेड सोबतीला. पाय थांबले की उजेड गेला. पृथ्वीचं चुंबकत्वही याच जातीचं.

पुष्कळांना वाटतं, पृथ्वीच्या पोटात भलामोठा लोहचुंबक गाडलेला आहे. पण लोखंड ७७० अंशांच्या वर तापलं की त्याचं चुंबकत्व सुटतं, आणि गाभ्यात तर चार-पाच हजार अंश! आपल्या मे महिन्याबद्दल कुरकुर करायची सोय नाही.

२,९०० किलोमीटर खाली वितळलेल्या लोखंड-निकेलचा समुद्र आहे, सव्वादोन हजार किलोमीटर खोल. त्याच्या तळाशी घन गोळा. तो इंगे लेहमान या डॅनिश बाईंनी १९३६ साली भूकंपाच्या लहरींवरून ओळखला. तळाशी लोखंड गोठत जातं, गोठताना उष्णता आणि हलकी द्रव्यं सोडतं. ती वर चढतात, जड लोखंड खाली उतरतं. त्यात पृथ्वी गरगर फिरते, म्हणून हे प्रवाह मळसूत्रासारखा पीळ घेतात.

आता अडचण अशी, की सायकलच्या डायनामोत चुंबक आयता असतो. इथे तो आणला कुठून? उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला. असलेल्या चुंबकीय क्षेत्रातून लोखंड वाहतं, त्यात वीज निर्माण होते, ती वीज नवं क्षेत्र घडवते. पहिलं विरजण शेजारून, म्हणजे सूर्याकडून, नखभर मिळालं तरी पुरतं. दूध मात्र रोज हवं. ते म्हणजे ढवळणं. जोसेफ लार्मर यांनी १९१९ साली ही कल्पना मांडली, तीही सूर्याचा विचार करताना.

शुक्राला स्वतःचं क्षेत्र नाही. तो स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस घेतो म्हणून, असं सांगतात. मला ते अर्धंच पटतं. त्याच्या आतली उष्णता नीट बाहेर पडत नसावी, म्हणून ढवळणंच होत नसावं.

आणि हे दही कधीकधी उलटंही लागतं, म्हणजे उत्तर-दक्षिण चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल होते. शेवटची उलथापालथ सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वीची. त्याआधीच्या कितीतरी दगडांत नोंदलेल्या आहेत. बर्डीच्या किल्ल्याखालचा काळा दगड दख्खनच्या लाव्हाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. थंड होताना त्या लाव्हातल्या लोहखनिजांनी तेव्हाची दिशा पकडून ठेवली. दख्खनचे बरेच थर उलटे भरतात. म्हणजे त्या काळात होकायंत्र असतं, तर त्याचं उत्तरेचं टोक दक्षिणेकडे वळलं असतं. आणि आपली ही जमीन तेव्हा विषुववृत्ताच्या खाली होती, हेही याच दगडांनी सांगितलं.