एका संध्याकाळी दोनदा झालेली डिबेट

६ नोव्हेंबर २००५, रविवार. अमेरिकेत एनबीसीवर रात्री आठला राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांची डिबेट सुरू होते. स्क्रीनवर एनबीसी न्यूजचा लोगो, प्रश्न विचारायला फॉरेस्ट सॉयर, म्हणजे खराखुरा न्यूजवाला. मध्येच कोणी टीव्ही लावला तर त्याला वाटावं, निवडणूक लागली की काय! पण समोरचे दोघं नेते नव्हेतच, एक ॲलन आल्डा, दुसरा जिमी स्मिट्स, आणि हा 'द वेस्ट विंग' या व्हाइट हाऊसवरच्या सिरीयलच्या सातव्या सीझनचा एपिसोड.

आणि लाइव्ह म्हणजे खरंच लाइव्ह हां. पूर्व किनाऱ्यावर आठ वाजतात तेव्हा पश्चिमेला पाचच वाजलेले असतात, मग यांनी काय केलं, एकदा पूर्वेसाठी सगळा एपिसोड केला आणि तीन तासांनी तोच परत पहिल्यापासून, पश्चिमेच्या प्रेक्षकांसाठी. रीटेक नाही, एडिटिंग नाही, जाहिरातीचा ब्रेक आला की तेवढाच काय तो श्वास घ्यायचा. स्क्रिप्ट होती, पण दोघांना मध्येमध्ये स्वतःचं बोलायची मोकळीक होती, त्यामुळे दोन्ही वेळचा एपिसोड शब्दाला शब्द सारखा नाही.

खरी मजा पुढे आहे. सुरुवातीलाच आल्डाचा रिपब्लिकन उमेदवार विनिक म्हणतो की हे नियमबियम सोडून देऊ, सरळ वाद घालू. आज ऐकताना यात विशेष वाटत नाही, पण आदल्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या खऱ्या निवडणुकीत बुश आणि केरी या उमेदवारांच्या टीमने डिबेटसाठी ३२ पानांचा करार केला होता, त्यात उमेदवारांनी एकमेकांना थेट प्रश्न विचारायलाही बंदी! लेखक लॉरेन्स ओ'डॉनेल आधी सिनेटच्या अर्थविषयक समितीत काम केलेला माणूस, त्यामुळे टॅक्स, हेल्थकेअर असल्या रुक्ष विषयांवरची भांडणंसुद्धा त्याने रंगवलीत. माझ्या मते अख्ख्या एपिसोडचा जीव तिथेच आहे, लाइव्हच्या स्टंटमध्ये नाही.

स्मिट्सचा डेमोक्रॅटिक उमेदवार सँटोस कुठून आला? २००४ मध्ये बराक ओबामांचं डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातलं भाषण गाजलं, तेव्हा सिरीयलचा लेखक एलाय ॲटीने ओबामांचे सल्लागार डेव्हिड ॲक्सलरॉड यांना फोन करून ओबामांबद्दल बरीच माहिती घेतली होती, त्यावरून सँटोस रंगवला. ओबामा तेव्हा सिनेटवरही निवडून आले नव्हते.

सिरीयलमध्ये शेवटी सँटोस जिंकतो (स्पॉयलरबद्दल सॉरी, पण वीस वर्षं झाली राव). २००६ चं एमी, म्हणजे टीव्हीचं मोठं अवॉर्ड, मात्र हरलेल्या विनिकला, म्हणजे आल्डाला मिळालं.