लागलं की नाही, हे सांगायचं कोणी?

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडं जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो. पाठीला माती लागली की लिंबाच्या झाडावर चढून बसलेल्या पोरालाही निकाल कळतो. पंचानं हात वर करायचा तेवढा बाकी असतो. तलवारबाजीत, म्हणजे फेन्सिंगमध्ये, हे सुख नाही. 14 मीटर लांब आणि जेमतेम दोन मीटर रुंद पट्टी, तिला पिस्ट म्हणतात. तिच्यावर जाळीचे मुखवटे घातलेले दोघं समोरासमोर. पातं इतकं वेगानं फिरतं की वार कुठं लागला, मुळात लागला का, हे बघणाराच्या डोळ्याला दिसत नाही. 1896 पासून आजवर एकही ऑलिंपिक या खेळाशिवाय झालेलं नाही. त्या सव्वाशे वर्षांत या खेळात जी मोठी भांडणं झाली, ती बहुतेक एकाच प्रश्नावरून: लागलं का, आणि ते सांगायचं कोणी? आज त्या भांडणांबद्दलच बोलणार आहे.

पण आधी तीन शस्त्रं समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. फॉइल हे हलकं शस्त्र. त्याच्या टोकानंच टोचायचं आणि तेही फक्त धडावर. ईपी जरा जड. त्याचंही टोकच, पण अंगठ्यापासून डोक्यापर्यंत कुठंही लागलं तरी गुण. सेबर हे घोडदळाच्या तलवारीचं वंशज, त्यात टोक चालतं आणि धारही चालते, पण कमरेच्या वरच. फॉइल आणि सेबरमध्ये आणखी एक भानगड आहे. दोघांचेही वार एकाच वेळी लागले, तर ज्यानं हल्ला आधी सुरू केला त्याला गुण मिळतो. ईपीत असला वाद नाही. दोघांनाही लागलं तर दोघांनाही गुण.

1896 ला अथेन्समध्ये फॉइल आणि सेबर एवढंच होतं. लढती झाल्या झापियन नावाच्या देखण्या इमारतीत. त्या ऑलिंपिकमध्ये पैसे घेऊन खेळणाऱ्यांना बंदी होती, पण तलवार शिकवणाऱ्या वस्तादांसाठी मात्र फॉइलची वेगळी स्पर्धा ठेवली. ती जिंकली लिओनिदास पिरगोस यानं. ग्रीसचा विजेता म्हटलं की सगळ्यांना मॅरेथॉन जिंकणारा स्पिरिडॉन लुईस आठवतो, पण आधुनिक ऑलिंपिकमधला पहिला ग्रीक विजेता हा पिरगोस, लुईसच्या आधी काही दिवस. ईपी आली 1900 ला, पॅरिसमध्ये, आणि तिथं जिंकला क्यूबाचा रामोन फाँस्त. वय वर्षं सोळा.

तेव्हा निवाडा कसा व्हायचा? जुना रिवाज असा की ज्याला लागलं त्यानं स्वतः कबूल करायचं. सज्जनांच्या आखाड्यात हे ठीक, पण पदक समोर असलं की सज्जनपणालाही मर्यादा येतात. म्हणून मुख्य पंचाभोवती चार सहायक उभे करायचे, दोन इकडं, दोन तिकडं, आणि त्यांनी डोळ्यात तेल घालून वार बघायचे. मग मतं घ्यायची. म्हणजे चार माणसं, चार देशांची, आणि चौघांच्या मनात आपापला झेंडा. काय होणार ते तुम्हीच ओळखा.

नियमांवरच एकमत नव्हतं. 1912 ला स्टॉकहोममध्ये फ्रान्सनं मागणी केली की फॉइलमध्ये दंडावरचा वारही धरा. ती फेटाळली, म्हणून फ्रान्सचे खेळाडू आलेच नाहीत. इटलीला ईपीचं पातं थोडं लांब हवं होतं. तेही नाकारलं, म्हणून इटली ईपीत उतरली नाही. या खेळातली दोन सर्वांत मोठी घराणी अशी रुसून बसली. त्यातूनच पुढच्या वर्षी, 1913 मध्ये, पॅरिसला आंतरराष्ट्रीय तलवारबाजी महासंघ स्थापन झाला आणि सगळ्यांसाठी एकच नियमावली करायचं काम सुरू झालं.

नियम आले म्हणून भांडण थांबतं असं नाही. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इटलीचा ओरेस्ते पुलिती सेबरच्या अंतिम फेरीत होता. त्याचे देशबंधू त्याच्यासमोर मुद्दाम हरले असा आरोप झाला. पुलिती भडकला, पंचांना छडीनं बडवायची भाषा करू लागला आणि बाद झाला. पंचांतले हंगेरीचे कोवाच यांच्याशी त्याची नंतर पुन्हा गाठ पडली, तिथं शब्दाला शब्द लागला, आणि काही महिन्यांनी दोघांनी खरोखरीच्या तलवारी घेऊन द्वंद्व केलं! बराच वेळ चाललं, दोघंही जखमी झाले, बघणाऱ्यांनी मध्ये पडून सोडवलं, मग दोघांनी हात मिळवले. पंचाशी हुज्जत घालणारे खेळाडू आपण पुष्कळ बघतो, पण हे म्हणजे फारच झालं.

त्याच 1924 ला स्त्रियांना पहिल्यांदा प्रवेश मिळाला, तोही फक्त फॉइलमध्ये. डेन्मार्कच्या एलेन ओसियर पहिल्या विजेत्या. ईपीसाठी बायकांना 1996 पर्यंत थांबावं लागलं आणि सेबरसाठी 2004 पर्यंत. फॉइलच्या ऐंशी वर्षांनंतर सेबर! या उशिराचं पटणारं कारण मला तरी कुठं सापडलेलं नाही.

हंगेरीचं नाव आलं म्हणून सांगतो. सेबरचं सांघिक सुवर्ण 1928 ते 1960 दरम्यान प्रत्येक ऑलिंपिकमध्ये हंगेरीनंच नेलं. त्यातल्या 1932 पासूनच्या सहाही वेळा संघात अलादार गेरेविच होता. मधे महायुद्धामुळं दोन ऑलिंपिक बुडाली, तरी हा गडी टिकून राहिला. 1960 ला त्याचं वय पन्नास. संघ निवडणारे म्हणाले, आता पुरे. असं सांगतात, की त्यानं संघातल्या सगळ्यांना आव्हान दिलं आणि एकेकाला हरवून रोमचं तिकीट मिळवलं. पदकांची बेरीज करायची तर इटलीचा एदोआर्दो मांजारोत्ती सगळ्यांच्या पुढं, एकूण 13. आपले खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले, त्याच ऑलिंपिकमध्ये मांजारोत्तीनं ईपीचं वैयक्तिक सुवर्ण घेतलं.

1936 चं बर्लिन आपल्याला ध्यानचंद यांच्या हॉकीमुळं ठाऊक आहे. तिथं फॉइलमध्ये जर्मनीची हेलेन मायर उतरली होती. वडील ज्यू, म्हणून तिच्याच गावच्या क्लबनं तिला काढून टाकलेलं, आणि ती अमेरिकेत राहत होती. जगाला दाखवण्यापुरती एक ज्यू खेळाडू हवी म्हणून नाझींनी तिला बोलावून घेतलं. तिनं रौप्य जिंकलं आणि विजयमंचावर उभं राहून हिटलरी सलाम केला. का केला, यावर आजही वाद होतात. सुवर्ण जिंकलेली हंगेरीची इलोना एलेक हीसुद्धा ज्यू बापाचीच लेक होती. वंशाच्या शुद्धतेचे ढोल जिथं वाजत होते, तिथंच हे घडलं.

त्याच बर्लिनमध्ये ऑलिंपिकच्या पिस्टवर वीज आली. ईपीच्या टोकाला छोटी कळ बसवली. ती 750 ग्रॅम इतक्या जोरानं दाबली गेली की यंत्रावर दिवा लागतो. त्यासाठी तार खेळाडूच्या बाहीतून, पाठीमागून यंत्रापर्यंत जाते. सुरुवात ईपीपासून झाली, कारण ईपीत अंगावर कुठंही लागलं तरी चालतं, त्यामुळं टोकाची कळ दाबली गेली एवढं कळलं की पुरे. फॉइलमध्ये धड आणि हातपाय यांतला फरक यंत्राला कळायला हवा, म्हणून धडावर धातूच्या धाग्यांचं जाकीट आलं आणि 1956 ला मेलबर्नमध्ये फॉइलला दिवे मिळाले. सेबर धारेनंही मारायचं शस्त्र असल्यानं तिथं आणखी अडचण. ते यंत्रावर आलं थेट 1992 ला, बार्सिलोनात.

मग झालं का भांडण बंद? छे! 1976 ला माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉनची, म्हणजे पाच खेळ मिळून होणारी स्पर्धा चालू होती. त्यातला एक प्रकार ईपीचा असतो. सोव्हिएत संघाचा बोरिस ओनिश्चेंको ब्रिटिशांशी लढत होता. समोरच्याला वार लागत नव्हता, तरी दिवा लागत होता. जिम फॉक्स या ब्रिटिश खेळाडूनं तक्रार केली. ईपी उघडून बघितली, तर मुठीत चोरकळ! हाताच्या बोटानं दाबली की यंत्र म्हणणार, लागलं. ओनिश्चेंको आधीच्या ऑलिंपिकचा रौप्यविजेता, म्हणजे काही कच्चा गडी नव्हे. तो बाद झाला, त्याच्यासह सोव्हिएत संघही बाद झाला आणि सांघिक सुवर्ण ब्रिटननं नेलं. माणसाच्या डोळ्यावर विश्वास नाही म्हणून यंत्र आणलं, तर माणसानं यंत्रालाच खोटं बोलायला शिकवलं.

1982 ची रोममधली घटना या सगळ्यापेक्षा वेगळी आणि वाईट. जागतिक स्पर्धेत मॉस्को ऑलिंपिकचा फॉइल विजेता व्लादिमिर स्मिर्नोव्ह लढत असताना समोरच्याचं पातं मोडलं आणि ते मुखवट्याच्या जाळीतून आत गेलं. काही दिवसांनी तो गेला. आज पाती सहज न मोडणाऱ्या खास पोलादाची असतात, जाळी मजबूत असते, कपडे वार सहन करणाऱ्या धाग्याचे असतात, ते यानंतर. ज्या आईबापांना हा खेळ जिवावरचा वाटतो त्यांना मी हे मुद्दाम सांगतो. सगळा सरंजाम घालून, जाणत्या प्रशिक्षकासमोर खेळलं तर धोका फार कमी.

आणि लंडन, 2012. ईपीच्या उपांत्य फेरीत कोरियाची शिन आ-लाम आणि जर्मनीची ब्रिटा हायडेमान. गुण बरोबरीत, पण नियमाप्रमाणं अग्रहक्क शिनकडं. म्हणजे वेळ संपली की ती जिंकणार. घड्याळात उरला एक सेकंद. हायडेमान धावून आली, वार झाले, घड्याळ एक सेकंदच दाखवतंय. पुन्हा आली, पुन्हा तेच. पुढच्या वेळी तिचा वार लागला आणि ती जिंकली. एवढं सगळं एका सेकंदात बसतं का? कोरियानं दाद मागितली. तिचा निकाल लागेपर्यंत शिननं पिस्ट सोडली असती तर हार मान्य केल्यासारखं झालं असतं, म्हणून ती जवळजवळ तासभर तिथंच रडत बसून राहिली. दाद फेटाळली गेली. दिव्यानं आपलं काम चोख केलं होतं, दगा दिला घड्याळानं.

फॉइल आणि सेबरमध्ये तर आजही दिवा निम्मंच काम करतो. लागलं एवढं तो सांगतो. हल्ला आधी कोणाचा, हे पंचानंच ठरवायचं. व्हिडिओ आहे, खेळाडूला दाद मागता येते, पण व्हिडिओ बघणारा शेवटी माणूसच. मला विचाराल तर या खेळाचा जीव यातच आहे, पण हरणाऱ्याला हे पटवणं अवघड.

आता आपल्या दाराशी येऊ. राष्ट्रकुल स्पर्धेत तलवारबाजी 1950 ते 1970 एवढीच होती. भारतात या खेळाची राष्ट्रीय संघटना उभी राहिली 1974 ला. म्हणजे आपण तयार झालो तेव्हा गाडी निघून गेलेली. आशियाई स्पर्धेत हा खेळ त्याच 1974 ला आला, पण 1982 च्या दिल्लीतल्या स्पर्धेत नव्हता. घरच्या मैदानावर लोकांना हा खेळ दिसला असता, ती संधीही हुकली.

ऑलिंपिकमध्ये पहिली भारतीय तलवारबाज पोचली ती टोकियोत, 2021 ला. चेन्नईची भवानी देवी. नाव भवानी आणि हातात तलवार! आपल्या तुळजापूरच्या मुलखात हे ऐकून कोणाला हसू फुटणार नाही? तिनं 2004 ला शाळेत हा खेळ घेतला, कारण बाकीच्या खेळांत जागा उरली नव्हती. सुरुवातीचा सराव बांबूच्या काठ्यांवर. त्याच वर्षी अथेन्समध्ये स्त्रियांचं सेबर पहिल्यांदा खेळलं गेलं, आणि सेबर हेच पुढं तिचं शस्त्र झालं. टोकियोत तिनं ट्युनिशियाच्या खेळाडूला 15–3 असं हरवलं आणि पुढच्या फेरीत फ्रान्सच्या मनाँ ब्रुनेकडून 7–15 अशी हरली. 2023 च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तर तिनं जपानच्या जगज्जेत्या मिसाकी एमुराला नमवून कांस्यपदक घेतलं. पॅरिसला मात्र 2024 मध्ये भारताचं कोणीच नव्हतं.

त्याच पॅरिसमध्ये हाँगकाँगनं या खेळात दोन सुवर्णं नेली. आपल्या एकट्या परभणी जिल्ह्यात पाच हाँगकाँग मावतील. तेव्हा हा युरोपातल्या श्रीमंतांचा खेळ आहे, हे आता कोणी सांगू नये.

छत्रपती संभाजीनगरात, विद्यापीठाच्या परिसरात, भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे आणि तिथं तलवारबाजी शिकवली जाते. नांदेडला होला मोहल्ल्यात गतका बघितलेले आणि शिवजयंतीला दांडपट्टा फिरवणारे पुष्कळजण म्हणतात, आमच्या लेकरांच्या रक्तातच तलवार आहे. मला हे तितकंसं पटत नाही. दांडपट्ट्यात माणूस चहूबाजूंनी फिरतो. इथं एका रेषेत पुढं-मागं, आणि सगळी मदार मांड्यांवर नि पावलांवर. रक्तापेक्षा पायाचा सराव कामी येतो. आणि सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या नुसत्या पाच टक्के आरक्षणावर डोळा ठेवून लेकरू पाठवलंत तर ते पहिल्या वर्षातच कंटाळेल, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

शालेय क्रीडा स्पर्धांत तलवारबाजी आहे. तारीख जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात कळेल. बघायला जाल तेव्हा पट्टीच्या टोकाला बसू नका, मधोमध, पंचाच्या पाठीमागं बसा. टोकाकडून दोघांतलं अंतर कळत नाही. पहिल्यांदा ईपी बघा, कारण तिथं दिवा लागला की निकाल लागला. सेबर नंतर. दोन्ही दिवे लागले की पंचाकडं बघायच्या आधी मनाशी ठरवा, हल्ला आधी कोणाचा. सुरुवातीला तुमचा निकाल आणि पंचाचा निकाल जुळणार नाही.

नमस्कार.