पहिल्यांदा पाहिलेले

श्रोतेहो, नमस्कार.

गेली दहा-बारा वर्षे मी एक वही ठेवत आलो आहे. आयुष्यात प्रथमच पाहिलेल्या चित्रपटांची तेवढी तिच्यात नोंद होते. पूर्वी पाहिलेला चित्रपट कितीही आवडता असला आणि वर्षभरात तो पुन्हा कितीही वेळा पाहिला, तरी त्याला तिच्यात जागा नसते. करमाळा तालुक्यात चित्रित झालेला आणि त्याच तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी दिग्दर्शित केलेला ‘सैराट’ मी यंदा पुन्हा पाहिला. पण त्याची नोंद २०१६च्या पानावर आहे आणि तिथेच राहील. उलट, १९३६ साली प्रदर्शित झालेला एखादा चित्रपट मी यंदा पहिल्यांदा पाहिला असेल, तर माझ्या हिशेबी तो यंदाचाच. सरलेल्या वर्षात अशा ४३ चित्रपटांची नोंद झाली, आणि त्यांची क्रमवारी लावताना जे जाणवले ते आज आपल्यासमोर मांडायचे आहे.

क्रमवारीची पद्धत आधी सांगतो, कारण माझे सारे म्हणणे त्या पद्धतीतच आहे. चित्रपट पाहिला त्या रात्री मी पेन्सिलीने दहापैकी गुण लिहितो. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, चित्रपट पुन्हा न पाहता आणि त्याविषयी काही न वाचता, त्याच ओळीत शाईने पुन्हा गुण लिहितो. वर्षअखेरीस क्रम लागतो तो शाईच्या गुणांवरून. पाहिल्या रात्री आपल्या मनावर संगीताचा अंमल असतो, शेजारी बसलेल्या माणसांच्या हसण्यारडण्याचा असतो, कधी तिकिटासाठी केलेल्या धडपडीचाही असतो. महिन्याभराने यातले बहुतेक ओसरते आणि चित्रपटाने आपल्यापाशी खरोखर काय ठेवले ते दिसू लागते. पेन्सिल आणि शाई यांच्यात जिथे मोठे अंतर पडते, तिथे मी थांबून कारण शोधतो. वर्षातले माझे बहुतेक शिक्षण त्या अंतरातून झालेले आहे.

यंदाचे सर्वांत मोठे, आणि मला सर्वांत अवघड गेलेले अंतर ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या चित्रपटाचे. भैय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकावरून मी शेकडो वेळा गेलो आहे. १९१० साली आपल्या सोलापुरात जन्मलेला हा तरुण डॉक्टर १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला, युद्धातल्या जखमींची शुश्रूषा करत तिथेच राहिला, तिथल्याच एका परिचारिकेशी त्याने लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी त्याचा तिथेच अंत झाला, हे शाळेत असल्यापासून मला पाठ आहे. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली काढलेला, त्यांनीच नायकाची भूमिका केलेला हा चित्रपट मात्र मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता, याची मनात खंत होती. पाहिला त्या रात्री डोळे भरून आले आणि पेन्सिलीने नऊ गुण लिहिले गेले.

महिन्यानंतर वही उघडली, तेव्हा आठवून आठवून मला वसंत देसाईंचे संगीत आठवत होते, जयश्रीबाईंनी रंगवलेली चिनी परिचारिका आठवत होती, भव्य नेपथ्य आठवत होते. पण अपुऱ्या साधनांनिशी जखमा शिवणारा, थकून भिंतीला टेकून झोपणारा डॉक्टर काही केल्या आठवेना. माझ्या मनातले कोटणीस अजूनही वाचलेल्या चरित्रातलेच होते, पडद्यावरचे नव्हते. नायकाच्या मृत्यूनंतर चारच वर्षांत, देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना काढलेल्या या चित्रपटाला स्फूर्ती द्यायची होती, आणि ते काम त्याने मोठ्या जिद्दीने केले, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तरीही शाईने मी सहाच गुण लिहिले आणि क्रम लागला अकरावा. आपल्या गावचा म्हणून दोन गुण वाढवण्याचा मोह झाला, हे मी कबूल करतो. तसे केले असते तर वहीतील बाकीच्या सगळ्या आकड्यांना अर्थ उरला नसता, आणि डॉक्टरांचाही त्यात काही गौरव झाला नसता.

‘मायाबाजार’च्या बाबतीत नेमके उलट घडले. के. व्ही. रेड्डी यांचा १९५७ सालचा हा तेलुगू चित्रपट सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागातल्या घराघरांत तोंडपाठ आहे, आणि आमच्या शेजारच्या पद्मशाली कुटुंबातील आजी, ज्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणतो, त्या मला तो पाहण्याविषयी अनेक वर्षे सांगत होत्या. शेवटी त्यांच्याच घरी, त्यांच्या शेजारी बसून पाहिला. कथा आपल्या ओळखीची: बलरामाची मुलगी शशिरेखा, म्हणजे मराठी लोककथेतली वत्सला, हिचे अभिमन्यूवर प्रेम आहे; पांडवांचे राज्य गेल्यावर बलराम तिचे लग्न दुर्योधनाच्या मुलाशी ठरवतो, आणि घटोत्कच तिला पळवून नेऊन स्वतः तिचे रूप घेऊन तिच्या जागी उभा राहतो. ज्यांच्या घरचे हे लग्न, ते पाचही पांडव चित्रपटभर एकदाही पडद्यावर येत नाहीत, आणि त्यांची उणीव कुठेही भासत नाही. पाहताना मी हसलो, एस. व्ही. रंगाराव यांचा घटोत्कच लग्नाचे पक्वान्न फस्त करतो तेव्हा अव्वांबरोबर टाळ्याही वाजवल्या, आणि रात्री ‘करमणूक’ असा शेरा लिहून सात गुण देऊन मोकळा झालो.

महिनाभराने लक्षात आले की सावित्री यांचा अभिनय माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. घटोत्कचाने शशिरेखेचे रूप घेतल्यानंतर दिसतात त्या सावित्रीच, पण एका क्षणी नाजूक नववधू आणि दुसऱ्या क्षणी आतला दांडगा राक्षस अशा त्या त्याच अंगातून, त्याच दागिन्यांनिशी होतात, आणि यात कॅमेऱ्याची कोणतीही करामत नाही. मार्कस बार्टली यांनी टिपलेले नौकाविहारातले चांदणेही तसेच मनात राहिले. हसवणाऱ्या चित्रपटाला आपण आपोआप एक-दोन गुण कमी देतो, ही माझी जुनी खोड यंदा मला स्पष्ट दिसली. शाईने नऊ गुण झाले आणि पाचवा क्रमांक मिळाला. अव्वांना तो पहिला हवा होता.

चौथ्या क्रमांकावर कन्नड ‘घटश्राद्ध’ आहे, आणि त्याची पेन्सिल व शाई दोन्ही सारखीच, नऊ. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या कथेवरून गिरीश कासरवळ्ळी यांनी १९७७ साली केलेला हा त्यांचा पहिला चित्रपट, ज्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. वेदपाठशाळेत शिकायला आलेला लहानगा नाणी आणि गुरुजींची विधवा मुलगी यमुना यांच्यातला जिव्हाळा, यमुनेला दिवस गेल्यावर गावाने तिला टाकणे, आणि ती जिवंत असताना वडिलांनी तिचे श्राद्ध घालणे, हे सारे आपण त्या मुलाच्या डोळ्यांनी पाहतो. त्याला सगळे कळत नाही, पण भीती कळते. तो पाहून झाल्यावर पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने परत येताना सोबतच्या मित्राशी कुर्डुवाडीपर्यंत मी एक शब्द बोललो नव्हतो. अक्कलकोटकडच्या नातेवाइकांमुळे कन्नड माझ्या कानाला परकी नाही. सोलापुरात राहणाऱ्या प्रेक्षकाला मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड या दोन भाषांचे दालन शेजारच्या दारातून उघडते, आणि आपण त्याचा पुरेसा लाभ घेत नाही, असे मला मनापासून वाटते.

नव्या चित्रपटांपैकी पहिल्या दहांत एकच आला, पायल कपाडिया यांचा ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’. कान महोत्सवात २०२४ साली ग्रां प्री मिळवणाऱ्या या चित्रपटाला सहावा क्रमांक आहे. दोन मल्याळी परिचारिकांची ही गोष्ट असली, तरी माझ्यापाशी राहिली ती छाया कदम यांनी साकारलेली रुग्णालयातील स्वयंपाकीण, जिच्याजवळ कागदपत्रे नाहीत म्हणून मुंबईतली राहती जागा सोडून जिला रत्नागिरीकडच्या गावी परतावे लागते.

तिसरा क्रमांक अकिरा कुरोसावा यांच्या १९५२ सालच्या ‘इकिरू’ला. पोटाच्या कर्करोगाने लवकरच मरणार असल्याचे कळलेला एक सरकारी अधिकारी उरलेल्या महिन्यांत मुलांसाठी एक बाग उभी करतो, एवढीच त्याची गोष्ट. वस्तीतल्या बायका सांडपाण्याच्या डबक्याची तक्रार घेऊन येतात आणि त्यांना एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवले जाते, हे सुरुवातीचे दृश्य मला मान खाली घालून पाहावे लागले. मी स्वतः २८ वर्षे एका कार्यालयात कारकुनी केली आणि असे कितीतरी अर्ज पुढच्या टेबलाकडे सरकवले. नायक चित्रपट बराच उरलेला असतानाच मरतो, आणि पुढचा भाग त्याच्या तसबिरीपुढे बसलेल्या सहकाऱ्यांच्या बोलण्यातून उलगडतो. दारूच्या भरात ते सगळे त्याच्यासारखे काम करण्याची शपथ घेतात आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात पुन्हा पूर्वीसारखेच वागतात. ताकाशी शिमुरा बर्फात झोपाळ्यावर बसून गातात ते दृश्य सर्वांना आठवते. मला आठवते ते दुसऱ्या दिवशीचे कार्यालय.

दुसऱ्या क्रमांकावर ‘बायसिकल थीव्ज’, व्हित्तोरिओ दे सिका, १९४८. महायुद्धानंतरच्या रोममध्ये अँतोनिओला भिंतीवर पोस्टर चिकटवण्याची नोकरी मिळते, पण तिला सायकल लागते आणि सायकल गहाण पडलेली आहे. तेव्हा त्याची बायको मारिया पलंगावरच्या चादरी ओढून काढते, लग्नात मिळालेल्या चादरीही त्यांत घालते आणि ते गाठोडे गहाण ठेवून सायकल सोडवते. गहाणवट घेणाऱ्याचा माणूस ते गाठोडे खांद्यावर घेऊन उंचच उंच फळ्यांवर चढत जातो, आणि आपल्याला दिसते की त्या साऱ्या फळ्या लोकांच्या चादरींनी भरलेल्या आहेत.

श्रोतेहो, आपण चादरी विणणाऱ्या गावचे लोक आहोत. माझे वडील गिरणीत होते आणि सायकलवरून पाळीला जात. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबत गेले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या किती घरांतली तांब्या-पितळेची भांडी सावकाराकडे गेली ते मी पाहिले आहे. त्या फळ्यांवरचे एकेक गाठोडे म्हणजे एकेक घर आहे, हे मला कुणी समजावून सांगावे लागले नाही. अँतोनिओची भूमिका केलेले लाम्बेर्तो मॅजोरानी हे नट नव्हते, कारखान्यातले कामगार होते; त्यांच्या चालण्यात आणि हात लोंबते ठेवून उभे राहण्यात ते दिसते. सायकल पहिल्याच दिवशी चोरीला जाते, बाप आणि लहानगा ब्रुनो ती शोधत शहरभर हिंडतात, आणि शेवटी बाप स्वतः दुसऱ्याची सायकल चोरायला जाऊन मुलादेखत पकडला जातो. पेन्सिलीने मी आठ गुण दिले होते, कारण शेवट सोसवला नव्हता. शाईने दहा.

आणि पहिला क्रमांक ‘संत तुकाराम’. दामले-फत्तेलाल यांचा, प्रभात फिल्म कंपनीचा, १९३६ सालचा. पंढरपूरच्या जिल्ह्यात आयुष्य गेले, त्यातली गाणी रेडिओच्या याच माध्यमातून लहानपणापासून ऐकली, आणि तरीही चित्रपट पाहिला नव्हता; तो केवळ भक्तीचा, चमत्कारांचा असेल अशी माझी समजूत होती. ती सपशेल चुकीची निघाली. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम गातो तेव्हा गाणे आणि बोलणे यांतली सीमा पुसली जाते, हे खरे. शांताराम आठवले यांनी लिहिलेले ‘आधी बीज एकले’ हे गीत तुकोबांचाच अभंग आहे असे अनेकांना वाटत आले, यातही त्या चित्रपटाची किमया आहे. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली त्याचा गौरव झाला, तो अकारण नव्हता.

पण माझ्या वहीत तो पहिला आहे तो जिजाईमुळे. गौरी नावाच्या, पूर्वी किरकोळ कामे करणाऱ्या स्त्रीने ही भूमिका अशी केली आहे की तुकोबांच्या घरात धान्य किती उरले आहे ते आपल्याला तिच्या चेहऱ्यावरून कळते. मूल आजारी पडल्यावर ती त्याला फरफटत देवळात नेते आणि विठ्ठलाला जाब विचारताना पायातली वहाण हातात घेते. चित्रपट तिच्यावर रागावत नाही, तिला खुळीही ठरवत नाही. देवाची बाजू आणि चुलीची बाजू त्याने सारख्याच प्रेमाने मांडली आहे, आणि तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हाही ती घरच्या स्वयंपाकातच गुंतलेली असते. पेन्सिल नऊ, शाई दहा. आणि ‘बायसिकल थीव्ज’शी बरोबरी झाल्यावर मी एवढेच पाहिले की दोन महिन्यांनंतर आमच्या घरी जेवताना कोणाविषयी बोलणे निघते. बोलणे जिजाईविषयी निघत होते. पत्नीचा कौल मात्र मारियाच्या बाजूने आहे, आणि तिने वहीच्या समासात तो स्वतःच्या अक्षरात नोंदवून ठेवला आहे.

जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा संपली त्या आठवड्यात नव्या पानावर पहिली नोंद झाली: ‘कुंकू’, १९३७, पेन्सिलीने आठ. शाईचा दिवस फेब्रुवारीत येईल.

नमस्कार.