‘असा एक’ आणि ‘सच अ’

(मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांपुढे दिलेलं व्याख्यान. बोलण्यातली पुनरुक्ती काढून टाकली आहे.)

शिक्षकमित्रांनो, आज मी एका अक्षराच्या शब्दावर बोलणार आहे. इंग्रजीतला ‘अ’. आपण मुलांकडून तो ‘ए बॉय, ए कॅट’ असा ठासून म्हणून घेतो. स्वरापुढे ‘अ‍ॅन’, बाकी ठिकाणी ‘अ’, एवढं सांगितलं की आपला धडा संपतो. मग ‘अ‍ॅन अवर’ आणि ‘अ युनिव्हर्सिटी’ आले की मुलं गोंधळतात. तिथे आपण ‘अक्षर बघू नका, उच्चार ऐका’ असं सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण हा शब्द वाक्यात नेमका कुठे बसतो, हे आपण शिकवतच नाही. मीही कित्येक वर्षं शिकवलं नव्हतं.

नववीचा वर्ग होता. उन्हाळ्यातल्या एका दिवसावर दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. एका मुलीने लिहिलं, ‘इट वॉज सो अ हॉट डे’. मी ‘सो’ खाली लाल रेघ ओढली आणि वर ‘सच’ लिहिलं. वही परत घेताना ती म्हणाली, “बाई, सच चालतं तर सो का नाही? दोन्हीचा अर्थ ‘इतका’च ना?” मी म्हणाले, “ते तसंच असतं, पाठ कर.” ती मान हलवून जागेवर गेली. प्रश्न मात्र माझ्यापाशीच राहिला, कारण तो फार चांगला प्रश्न होता आणि मला त्याचं उत्तर येत नव्हतं.

आता उत्तर सांगते. इंग्रजीत ‘अ’ साधारणपणे सगळ्यांच्या पुढे उभा राहतो. ‘अ डे’, ‘अ हॉट डे’, ‘अ व्हेरी हॉट डे’. नाम शेवटी, ‘अ’ आरंभी, विशेषणं मधे. पण काही शब्द ‘अ’च्याही पुढे जाऊन बसतात आणि त्यांचे दोन गट आहेत. ते ओळखायला एक सोपी युक्ती आहे: वाक्यातलं विशेषण काढून बघा. ‘सच अ डे’ म्हणता येतं. ‘व्हॉट अ डे’ तर आपण रोज ऐकतो. ‘सो अ डे’ किंवा ‘हाउ अ डे’ मात्र कुणी म्हणत नाही. म्हणजे ‘सच’ आणि ‘व्हॉट’ यांचं नातं थेट नामाशी आहे. त्यांना विशेषणाची गरज नाही, म्हणून ते एकटेच पुढे जातात. ‘सो’ आणि ‘हाउ’ यांचं नातं विशेषणाशी. ते विशेषणाचा हात सोडत नाहीत, पुढे जातात तेव्हा त्यालाही ओढून नेतात. त्यामुळे होतं ‘सो हॉट अ डे’, ‘हाउ बिग अ हाउस’. त्या मुलीने ‘सो’ला पुढे नेलं होतं आणि ‘हॉट’ला मागे ठेवलं होतं. तिची चूक एवढीच.

‘टू’, ‘अ‍ॅज’ आणि ‘दॅट’ हेही याच दुसऱ्या गटातले. ‘टू स्मॉल अ रूम’, ‘अ‍ॅज गुड अ टीचर’, ‘नॉट दॅट बिग अ डील’. तुम्ही म्हणाल, ‘व्हेरी’सुद्धा विशेषणालाच चिकटतो, मग तो का पुढे जात नाही? मला पटणारं कारण असं, की ‘सो’, ‘टू’, ‘अ‍ॅज’ हे शब्द माप अर्ध्यावर सोडतात. इतका तापलेला दिवस, की... इतकी लहान खोली, की तिच्यात काही मावेना... अमक्याइतका चांगला शिक्षक. पुढचा अर्धा भाग यायचा असतो. ‘हाउ’ तर मापच विचारतो. ‘व्हेरी’ला कशाचीच वाट बघायची नसते, तो जागच्या जागी पुरा होतो. अभ्यासकांनी या रचनेला ‘बिग मेस कन्स्ट्रक्शन’ असंच नाव दिलं आहे, म्हणजे मोठा गोंधळ. हे मी मुद्दाम सांगते, कारण जी गोष्ट भाषाशास्त्रज्ञांनाही अवघड वाटते ती आपल्या मुलांना अडते याचं नवल वाटू नये.

आणि गंमत बघा, या गोंधळाचं निम्मं उत्तर आपल्या घरातच आहे. आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या. पहिल्यांदा ‘एक राजा’, दुसऱ्यांदा नुसता ‘राजा’. मराठीत आर्टिकल नाही असं आपण सांगतो, पण हा ‘एक’ काय करतो आहे? तो मोजत नाही. ऐकणाऱ्याला अजून माहीत नसलेल्या माणसाची ओळख करून देतो. इंग्रजी ‘अ’चं कामही हेच. आता म्हणा, ‘असा एक राजा होता, की...’ हे झालं ‘सच अ किंग’. शब्दाला शब्द, जागेला जागा! ‘एवढं मोठं एक झाड’ म्हणा, ‘सो बिग अ ट्री’ तयार. फरक इतकाच, की आपण ‘एक एवढं मोठं झाड’ही म्हणतो. मराठीत ‘एक’ मोकळा फिरतो, इंग्रजीत त्याला ती मोकळीक नाही. आपला ‘एक’ तर मागे जाऊन चिकटतो, तेव्हा अर्थही बदलतो. दहा माणसं आली आणि दहाएक माणसं आली यात केवढा फरक आहे!

हे साम्य निव्वळ योगायोगाचं नाही. जुन्या इंग्रजीत ‘आन’ हा शब्द होता, अर्थ ‘एक’. जोर देऊन म्हटलेल्या ‘आन’चा ‘वन’ झाला, घाईत पुटपुटलेल्याचा ‘अ‍ॅन’ राहिला आणि व्यंजनापुढे त्याचा ‘न’ही गळून ‘अ’ उरला. म्हणजे ‘न’ हा ‘अ’ला मागून जोडलेला नाही, ‘अ’मधून तो गेलेला आहे. आपण शाळेत हे उलटं सांगतो.

या ‘न’ने पुढे बरीच उलथापालथ केली. बोलताना शब्द एकमेकांत मिसळतात, मग ‘न’ अलीकडचा की पलीकडचा हे कानाला कळत नाही. आपण ज्याला अंपायर म्हणतो तो मुळात ‘नंपायर’सारखा काहीतरी होता. फ्रेंचमधून आलेला शब्द, अर्थ ‘जोडीबाहेरचा’, म्हणजे दोघांच्या भांडणातला तिसरा. ‘अ नंपायर’चं ऐकणाऱ्यांनी ‘अ‍ॅन अंपायर’ केलं. स्वयंपाकघरातला एप्रनही तसाच, तो होता ‘नेप्रन’. नॅपकिन हे त्याचंच भावंड, पण नॅपकिनने आपला ‘न’ राखला. उलटही झालं: ‘अ‍ॅन एकनेम’, म्हणजे जादाचं नाव, त्याचं ‘अ निकनेम’ झालं. माझ्या वर्गात व्याकरणाला कंटाळलेली मुलंसुद्धा अंपायरची गोष्ट सांगितली की सरसावून बसतात.

‘हाफ अ‍ॅन अवर’, ‘क्वाइट अ क्राउड’, ‘मेनी अ मॅन’ हेही ‘अ’ला मागे टाकतात. हे सरळ तोंडात बसवावेत. फक्त ‘मेनी अ’नंतर क्रियापद एकवचनी येतं, एवढं लक्षात असू द्या.

जास्त काळजी घ्यायची ती वेगळ्याच ठिकाणी. ‘सच अ’ एकदा मुलांच्या तोंडी बसलं की ती ‘सच अ वेदर’, ‘सच अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस’ लिहू लागतात. मराठीत ‘एक सल्ला देतो’ हे शुद्ध आहे, म्हणून ही चूक स्वाभाविक आहे. पण इंग्रजीत हवा आणि सल्ला मोजत नाहीत, तिथे नुसतं ‘सच वेदर’. आणि ‘सो’ची मंडळी तर तिथे पायच ठेवत नाहीत. ‘सो बॅड अ वेदर’ही नाही आणि ‘सो बॅड वेदर’ही नाही. तिथे ‘सच बॅड वेदर’ एवढंच चालतं.

अमेरिकेत नातेवाईक असलेली मुलं ‘दॅट बिग ऑफ अ डील’ म्हणताना आढळतील. तिकडे बोलण्यात हे सर्रास आहे. मी त्यावर लाल रेघ मारत नाही. परीक्षेत ‘ऑफ’ नको, एवढं समासात लिहिते.

आता मी वर्गात काय करते ते सांगते. आपल्या राज्यात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, त्यामुळे नववीपर्यंत मुलांच्या कानावर पुष्कळ इंग्रजी पडलेलं असतं. मी ‘ए’ म्हणणं सोडलं आहे. हलका ‘अ’ म्हणते, आधीच्या शब्दाला चिकटवून: सचअ, व्हॉटअ. फळ्याच्या मधोमध ‘अ डे’ लिहिते. मुलं एकेक शब्द सुचवतात आणि तो ‘अ’च्या पुढे बसेल की मागे, हे सगळा वर्ग मोठ्याने म्हणून ठरवतो. मग प्रत्येकाने आपलं एक वाक्य करायचं. परवा शेवटच्या बाकावरून एक मुलगा घंटेकडे बोट दाखवून म्हणाला, ‘इट इज टू शॉर्ट अ रीसेस, बाई.’ एकही शब्द जागचा हललेला नव्हता.