जपानी एस२००० ब्रिटनच्या रस्त्यावर: वायर नेमकी कुठे कापायची

नमस्कार मंडळी. आज एकाच गाडीबद्दल बोलू: जपानी बाजारासाठी बनलेली होंडा एस२०००. १९९९ साली आलेली, दोन आसनी, उघडणाऱ्या टपाची. स्टिअरिंग उजवीकडे, आणि जपानप्रमाणे ब्रिटनमध्येही वाहतूक डावीकडून, त्यामुळे हेडलाइटचा झोत बदलावा लागत नाही. कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. गाडी पोचल्यापासून १४ दिवसांत कर खात्याकडे 'नोव्हा' (बाहेरून गाडी आणल्याची) नोंद, मग एमओटी (गाडीची तपासणी), मग नोंदणीसाठी व्ही५५/५ अर्ज. दहा वर्षांहून जुन्या गाडीला आयव्हीए (एकेका गाडीच्या मान्यतेची) चाचणी लागत नाही. ही गाडी भारतात नेण्याचा विचार मात्र सोडा. तिथे तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयात करता येत नाही आणि एस२०००चं उत्पादन २००९ मध्येच थांबलं.

खरं काम स्पीडोमीटरचं. ब्रिटनमध्ये वेग मैलांत दिसला पाहिजे, आणि प्रत्यक्ष वेगापेक्षा कमी दाखवून चालत नाही. जपानी मापानुसार ताशी ६० किलोमीटरला स्पीड सेन्सरकडून सेकंदाला सुमारे ४२ पल्स (विजेचे ठोके) येतात. किलोमीटरचे मैल करणारा कन्व्हर्टर त्यांना १.६०९ ने भागतो, मीटरकडे सुमारे २६ पोचतात आणि आकडा ३७ दिसतो. तो म्हणजे चार वायरींची छोटी डबी: इग्निशनचा १२ व्होल्ट, अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली ऋण बाजू), सिग्नल आत, सिग्नल बाहेर.

घोळ होतो तो डबी बसवण्याच्या जागेत. सेन्सरची तीच वायर फाटे फुटून इंजिनच्या ईसीयूकडे (नियंत्रण करणाऱ्या संगणकाकडे) आणि इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगकडेही जाते. फाट्यांच्या आधी डबी घातली तर स्टिअरिंगला गाडी हळू चालल्यासारखी वाटते. हायवेवर ते नको तितकं हलकं राहतं, आणि ताशी १८० किलोमीटरचा लिमिटर (कमाल वेगाची मर्यादा) २९० वर जातो. लिमिटर काढायची युक्ती म्हणून काही जण मुद्दाम असं करतात. माझ्या मते हा शुद्ध धोका आहे. म्हणून मीटर बाहेर काढा, वायरिंग डायग्राम समोर ठेवा, आणि शेवटच्या फाट्यानंतर, मीटरच्या कनेक्टरपासून आठ-दहा सेंटिमीटरवर वायर कापा. सोल्डर करून हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. मग जीपीएस लावून ३० आणि ६० मैलांना आकडा पडताळा. 'किमी' हे अक्षर झाकून 'मैल' लावायला विसरू नका.

एकूण अंतराचा आकडाही त्याच सिग्नलवर चालतो. समजा डबी बसवताना ८०,००० होते. पुढे दहा हजार मैल चालल्यावर ९०,००० दिसेल. ते धड किलोमीटर नाहीत, धड मैलही नाहीत. त्या दिवसाचं रीडिंग तारखेसह फाइलला लावा, नाहीतर पुढचा गिऱ्हाईक मीटर फिरवलं म्हणेल.

मागचा फॉग लॅम्प (धुक्यात लावायचा दिवा) जपानमध्ये सक्तीचा नाही, ब्रिटनमध्ये आहे. तो मध्यभागी किंवा उजवीकडे, ब्रेकलाइटपासून किमान १०० मिलिमीटर दूर बसवायचा, आणि डॅशबोर्डवर पिवळा इंडिकेटर द्यायचा. २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो. ५ अँपिअरचा फ्यूज पुरे. फॉग लॅम्प हेडलाइटबरोबर आपोआप विझावा, म्हणून रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) कॉइलला हेडलाइटच्या वायरचं जोड देतात. इथे आधी मल्टिमीटर लावा. काही जपानी गाड्यांत हेडलाइटचा स्विच प्लस न तोडता अर्थ तोडतो. तसं असेल तर कॉइलचं एक टोक इग्निशनच्या प्लसला आणि दुसरं त्या अर्थ-वायरला द्यायचं; नेहमीसारखं जोडलंत तर दिवा भलत्याच वेळी लागेल किंवा लागणारच नाही.

रेडिओ ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा, इथली स्टेशनं ८७.५ ते १०८ वर. अँटेनाच्या वायरीत बँड एक्सपांडर घालता येतो. तो १२ मेगाहर्ट्झ खाली सरकवणारा असेल तर ९३.२ चं स्टेशन ८१.२ वर लागतं. पण वरची स्टेशनं हातातून जातात आणि आवाजात खरखर येते. त्यापेक्षा रेडिओच बदला.

जपानी टोलची ईटीसी डबी इथे निरुपयोगी. ती काढताना तिच्या वायरीही मुळापासून काढा. बहुधा त्या चिमटा-कनेक्टरने टोचून जोडलेल्या असतात, आणि उघडणाऱ्या टपाच्या गाडीत कार्पेटखाली ओल जाते. उघडं तांबं हिरवं पडलं की व्होल्टेज कमी-जास्त होतं आणि दोष भलतीकडेच शोधला जातो. टोचलेल्या जागेचा तुकडा कापून नवा जोड द्या, आणि सीटमागच्या पाणी जाण्याच्या नळ्या त्याच वेळी साफ करून घ्या.