मानेवरची चीर

पंचवटीतल्या आमच्या घराची ही मागची खोली. डिसेंबर चालू आहे. टेबलावर पालथी ठेवलेली ही माझी गिटार. रात्री खुर्चीला टेकवली होती, ती घसरून पाठीवर पडली. ही चीर बघा. नटच्या, म्हणजे तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीच्या मागे, जिथे मान संपून खुंट्यांचं डोकं सुरू होतं, नेमकी तिथे.

गिटार इथेच का तडकते? हे डोकं, म्हणजे हेडस्टॉक, मागे कललेला असतो, लाकडाचे तंतू मात्र सरळच जातात. मान अखंड लाकडातून कापलेली असेल, तर या वळणावर ते आखूड पडतात. कित्येक गिटारींत ट्रस रॉडची, म्हणजे मानेच्या आतल्या सळईची, खाचही इथेच कोरलेली असते. त्यावर सहा स्टीलच्या तारांची ओढ, सगळी मिळून सुमारे 70 किलो. ती चीर उघडतच राहते. म्हणून सगळ्यात आधी तारा उतरवल्या.

मग हात आवरला. चीर हलवून बघितली की कुसं वाकतात आणि पुन्हा जागेवर बसत नाहीत. क्षणात चिकटणारा गोंदही घातला नाही. सांधा जुळायच्या आतच तो कडक होतो.

रविवार कारंज्यावरून दोन शिकंजे आणले, आणि गल्लीतल्या सुतारकाकांना विचारलं. काका म्हणाले, "आधी कोरडं आवळून बघ. कोरडं बसलं नाही, तर गोंद लावून काय बसणार?" तासभर तेच केलं. मानेची पाठ गोल, शिकंजा सटकायचा. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे मधे घातले, त्याखाली मेणकागद. तेव्हा कुठे चीर केसाएवढीही उरली नाही.

आता फेविकॉल. अंगठ्याने हेडस्टॉक जेमतेम दाबायचा, चीर किंचित उघडते. सुई काढलेल्या सिरिंजने गोंद सोडायचा आणि बोटाने आत रेटायचा. शिकंजा आवळताना इथे नीट बघा. चिरेच्या कडेने पांढऱ्या मण्यांची ओळ उमटते आहे. मधे एक जागा कोरडी दिसली. म्हणजे तिथे गोंद पोचलाच नव्हता. सगळं सोडून पुन्हा भरला. मग ओल्या फडक्याने पुसून घेतलं.

नाशिकचा गारठा या कामात आडवा येतो. थंडीत हा गोंद धड धरत नाही, पिठूळ राहतो. म्हणून गिटार रात्रभर स्वयंपाकघरात, आईच्या परवानगीने. 24 तास पुरतात म्हणतात, मी 48 ठेवली.

माझी चीर लांब आणि तिरपी होती, गोंदाला धरायला भरपूर लाकूड मिळालं. आडवी, तोकडी तुटली असती किंवा ढलपी हरवली असती, तर मी हात लावला नसता, थेट कारागिराकडे नेली असती.

तिसरा दिवस. बारीक पॉलिशपेपर फिरवला. नख फिरवलं, कुठे अडत नाही. रेघ दिसते, ती तशीच ठेवली आहे. तारा चढवल्या. आधी निम्म्या ताणावर, तासाभराने पूर्ण सुरात. कान मानेजवळ नेऊन बसलो आहे. फक्त तारच वाजते आहे.